एक घर, दोन आजार आणि एक गोळी

पुण्यात गंज पेठेत (आता तिचं नाव महात्मा फुले पेठ आहे, पण जुनी माणसं अजून गंज पेठच म्हणतात) जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं घर आहे. शाळेच्या सहलीत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते बघितलं असेल. अस्पृश्यांना पाणी भरायला मोकळा केलेला हौद, फोटो, तसबिरी, आणि मागे रांगेत ढकलाढकली करणारी मुलं. त्यांनी काय केलं हे आपण पाठ केलेलं असतं. या घरातली माणसं कशाने गेली, हे मात्र परीक्षेत कोणी विचारत नाही.

मी आज तेच सांगणार आहे. लेख थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

मे १८८८ मध्ये मुंबईत मांडवीच्या सभेत जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. वय एकसष्ट. त्यांच्यावर उपचार करत होते त्यांचे मित्र डॉ. विश्राम रामजी घोले. पुणेकरांना हे नाव दोन कारणांनी ठाऊक असतं, एक घोले रोड आणि दुसरा बाहुलीचा हौद. आपली छोटी मुलगी गेल्यावर तिच्या आठवणीसाठी हा हौद बांधणारे ते हेच. घोले त्या काळातले नावाजलेले शस्त्रवैद्य होते. पण पक्षाघातासमोर ते काय करणार? त्या काळी लंडनमधल्या मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरकडेसुद्धा विश्रांती, चोळणं आणि वाट बघणं यापलीकडे फारसं काही नव्हतं. जोतीराव थोडे सावरले, डाव्या हाताने लिहायला शिकले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. पुस्तक १८९१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मागे छापून आलं.

त्यानंतर सहा-साडेसहा वर्षांनी पुण्यात प्लेग आला. दत्तक मुलगा यशवंत तोवर डॉक्टर झाला होता. पुण्याबाहेर ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना उभारला आणि सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे घेऊन यायच्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आजीच्या पिढीतली माणसं प्लेगबद्दल बोलताना ‘उंदीर पडायला लागले’ असं म्हणायची. घरात उंदीर पडला की गाठोडी बांधायची आणि रानात झोपड्या घालून राहायचं. उंदीर आणि प्लेग यांचा संबंध आहे हे अनुभवाने माहीत होतं, पण तो नेमका कसा हे १८९७ च्या मार्चमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत शोधलं ते १८९८ मध्ये. सावित्रीबाई गेल्यावर वर्षभराने.

तर नवऱ्याला पक्षाघात, बायकोला प्लेग. दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण पुढे साठेक वर्षांनी एक असं रसायन निघालं जे आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि मग पक्षाघात टाळण्यासाठी माणसांना दिलं जाऊ लागलं. वॉर्फरिन हे त्याचं नाव. उंदरांसाठी १९४८, माणसांसाठी १९५४.

या सगळ्याच्या मागे मी का लागलो, तर आमच्या आत्यामुळे. (तिची परवानगी घेतली आहे. ‘नाव घालू नकोस, बाकी काय लिहायचं ते लिही’ ही तिची अट.) आत्या वाढली पेठेतल्या एका वाड्यात, दोन खोल्यांत नऊ माणसं. लहानपणी घसा धरायचा, मग एकदा सांधे सुजून महिनाभर ताप आला. तो संधिवाताचा ताप होता, आणि तो सांध्यांना चाटून जातो पण हृदयाला चावतो, असं डॉक्टर लोक म्हणतात. पुढे चाळिशीत हृदयाची एक झडप पार आखडली आणि तिच्या जागी धातूची झडप बसवावी लागली. रात्री घर शांत झालं की तिच्या जवळ बसलेल्याला घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. तेव्हापासून आत्या रोज संध्याकाळी एक छोटी गोळी घेते. आमच्या घरात तिचं नाव ‘रक्त पातळ करायची गोळी’.

मागच्या वर्षी आत्याच्या नातवाने मोबाइलवर आलेला एक निरोप तिला मोठ्याने वाचून दाखवला. ही गोळी म्हणजे मुळात उंदराचं विष आहे, डॉक्टर हे तुमच्यापासून लपवतात, वगैरे. आत्याने काही न बोलता गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून दिली. चार दिवस कोणाला कळलं नाही. पाचव्या दिवशी ठरलेली रक्ततपासणी होती, म्हणून उघड झालं. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा, तो दीडच्याही खाली गेला होता. धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकते, किंवा तीच गुठळी सुटून मेंदूत जाते. देवाच्या कृपेने तसं काही झालं नाही. डॉक्टर रागावले. आत्या घरी येऊन म्हणाली, “रागावू दे. मला एवढंच सांग, जे उंदराला मारतं ते मला इतकी वर्षं जगवतं कसं? नीट समजलं तरच घेईन.”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना मला जी गोष्ट सापडली ती अशी.

१९२० च्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाई-बैल विचित्र मरू लागले. शिंगं कापली, खच्ची केलं, की रक्त थांबायचंच नाही. काही जनावरं नुसती आतल्या आत रक्तस्राव होऊन पडायची. फ्रँक स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्याने शोध लावला की बुरशी आलेला ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा खाल्ल्याने हे होतं. (हा स्कोफील्ड त्याआधी कोरियात होता आणि जपानी राजवटीविरुद्ध १९१९ मध्ये झालेल्या आंदोलनात त्याने कोरियन लोकांची बाजू घेतली होती. पुढे सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्याला पुरलं. त्याच्यावर एक वेगळा लेख होईल.) उपाय साधा होता, बुरशी आलेला चारा टाकून द्या. पण सालं मंदीची. गरीब शेतकरी चारा टाकून जनावरांना काय घालणार?

असाच एक शेतकरी, एड कार्लसन, १९३३ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात जवळपास तीनशे किलोमीटर गाडी हाकत विस्कॉन्सिन विद्यापीठात पोचला. गाडीत मेलेली कालवड, चाऱ्याचा ढीग आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. शनिवार होता, कचेऱ्या बंद. उघडं दार सापडलं ते कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचं. लिंककडे सांगण्यासारखं एकच होतं, हा चारा घालू नका. बिचारा परत गेला. पण ते रक्त तिथेच राहिलं. त्या न गोठणाऱ्या रक्तात हात घालून लिंकचा सहायक शोफेल अस्वस्थ होऊन बडबडत राहिला, असं लिंकनेच पुढे लिहून ठेवलं आहे.

त्या कॅनचा पाठपुरावा सहा वर्षं चालला. १९३९ च्या जूनमध्ये हॅरोल्ड कॅम्पबेल या विद्यार्थ्याला चाऱ्यातल्या विषाचे शुद्ध स्फटिक मिळाले. ताज्या कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तो कुमारिन नावाच्या द्रव्याचा. ते निरुपद्रवी. बुरशी मात्र त्याचं रूपांतर करते डायकुमरॉलमध्ये, आणि तेच रक्त गोठू देत नाही. १९४१ पासून डॉक्टरांनी ते गुठळ्यांच्या रोग्यांना देऊन पाहायला सुरुवात केली. तोवर हेपारिन हे इंजेक्शनचं औषध होतं (१९१६ मध्ये कुत्र्याच्या यकृतात सापडलेलं), पण घरी बसून घेता येईल अशी गोळी नव्हती.

पुढे १९४५ मध्ये लिंक आजारी पडून आरोग्यधामात होता. पडल्या पडल्या त्याने उंदीर मारण्याच्या उपायांबद्दल वाचायला घेतलं. डायकुमरॉलची दीडशेच्या आसपास भावंडं त्याच्या प्रयोगशाळेत बनली होती. त्यातलं बेचाळिसावं त्याने उंदरांसाठी निवडलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन अॅलम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या आद्याक्षरांना कुमारिनचं शेपूट जोडून नाव ठेवलं वॉर्फरिन.

आता उंदराबद्दल थोडं. उंदीर फार हुशार. नवीन खाणं दिसलं की आधी थोडं चाखतो, पोट बिघडलं की पुन्हा तोंड लावत नाही. जालीम विषं तिथे हरतात. वॉर्फरिन खाल्ल्यावर त्याला काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन तो पुन्हा खातो, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग कुठेतरी आतून रक्त वाहायला लागतं आणि थांबत नाही.

हा उशीर का होतो, ते समजलं की आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात, त्यातली काही यकृत तयार करतं आणि त्यांच्यावर के जीवनसत्त्वाचा शिक्का मारतं. सरकारी कचेरीसारखं आहे हे. कागद कितीही नीट लिहिलेला असो, शिक्का नसेल तर त्याचा उपयोग शून्य. एकदा शिक्का मारला की ते के जीवनसत्त्व ‘वापरलेलं’ होतं, आणि शरीर ते धुऊन-पुसून पुन्हा वापरतं. वॉर्फरिन ही धुण्याची जागाच बंद करतं. त्यामुळे नवी प्रथिनं बिनशिक्क्याची निघतात. पण आधी शिक्का मारलेली प्रथिनं रक्तात फिरत असतात, ती संपायला दोन-चार दिवस लागतात. म्हणून परिणाम हळूहळू दिसतो. रक्त ‘पातळ’ वगैरे काही होत नाही, ते उशिरा गोठतं, एवढंच.

जो संथपणा उंदराला फसवतो, तोच डॉक्टरला मोजायला वेळ देतो. आणि चुकून जास्त झालं तर उताराही आहे, के जीवनसत्त्वच. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या एका सैनिकाने हे उंदराचं औषध जीव द्यायच्या हेतूने अनेक दिवस घेतलं. इस्पितळात के जीवनसत्त्व देऊन तो पूर्ण बरा झाला. माणूस यातून परत आणता येतो हे कळल्यावर डॉक्टरांचा धीर वाढला. १९५४ मध्ये वॉर्फरिनला माणसांसाठी परवानगी मिळाली. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि त्यांनाही ते दिलं गेलं. राष्ट्राध्यक्षाने घेतल्यावर उंदराच्या औषधाला प्रतिष्ठा आली! आपल्याकडे वॉर्फरिनच्या बरोबरीने त्याचं भावंड असिनोकुमरॉल बरंच लिहून दिलं जातं. आत्या घेते ते तेच.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग आत्याला माझ्याआधीच माहीत होता, फक्त तिने तो असा जोडला नव्हता. आपल्याकडे ‘मात्रा’ या शब्दाचा अर्थ औषधही होतो आणि प्रमाणही. बाळगुटी उगाळताना आजी वळसे मोजायची. हळकुंडाचे इतके, वेखंडाचे इतके, जायफळाचा मात्र एकच, नाहीतर पोर दिवसभर झोपून राहील. बिब्बा अंगावर उतला तर कातडं सोलून काढतो, आणि तोच बिब्बा घरोघरी औषधात असायचा. विष आणि औषध अशी दोन वेगळी कपाटं आपल्या बायकांनी कधी मानलीच नाहीत. त्यांनी वळसे मोजले.

आत्याच्या गोळीचे वळसे मोजायचं साधन म्हणजे ती रक्ततपासणी, आयएनआर. आर्मंड क्विक याने १९३५ मध्ये रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजायची पद्धत काढली. पण तपासणीचा रासायनिक मसाला प्रत्येक ठिकाणचा वेगळा, त्यामुळे एका शहरातले सेकंद दुसऱ्या शहरात जुळत नसत. एकाच रोग्याला एक डॉक्टर गोळी वाढवायला सांगणार आणि दुसरा कमी करायला! जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये सगळ्यांना एकाच मापात बसवलं, ते हे आयएनआर. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास. हृदयाची लय बिघडलेल्या बऱ्याच रोग्यांना दोन ते तीन हवा. आत्याच्या झडपेला थोडा जास्त. त्याच्या खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. उंदरात आणि आत्यात फरक एवढाच, की उंदराचा आकडा कोणी बघत नाही.

आत्याकडे एक वही आहे, लांबट, दुधाच्या हिशोबाची असते तशी. तारीख, आकडा, गोळी किती. मी ती वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की दर वर्षी श्रावणाच्या सुमारास आकडा वर सरकतो. आत्या चातुर्मासात पालेभाजी सोडायची! मेथी, पालक, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर. ते बंद झालं की त्याच गोळीचा जोर वाढतो. डॉक्टरांनी तिला सांगितलं, पालेभाजी खायचीच नाही असं नाही, वर्षभर साधारण सारखी खा. आता तिने चातुर्मासाचा नेम बदलून वांगं सोडलं आहे. देवाला चालतं म्हणे.

आता पुन्हा त्या घराकडे. वॉर्फरिन १८८८ मध्ये असतं तर जोतीराव वाचले असते का? पक्षाघात दोन प्रकारे होतो, मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून किंवा ती फुटून. पहिल्यात अशी औषधं पुढचा झटका टाळायला उपयोगी पडू शकतात, दुसऱ्यात तीच घात करतात. जिवंत माणसात हा फरक दाखवणारं सीटी स्कॅन आलं १९७१ मध्ये. घोल्यांना ती गोळी कोणी हातात दिली असती तरी द्यायची की नाही, हे ठरवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. आणि १८९७ मध्ये उंदरांचं औषध असतं तर? तेही सरळ नाही. प्लेगच्या काळात नुसते उंदीर मारले तर त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे वळतात. आधी पिसवा माराव्या लागतात. हातात औषध असून भागत नाही, काय चाललंय ते कळावं लागतं.

यापुढचं मला जास्त बोचतं. आत्याला जो ताप आला तो घशातल्या जंतूमुळे, आणि तो जंतू पेनिसिलिनने मरतो. पुण्यापासून हाकेच्या अंतरावर, पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली आणि तिथे पेनिसिलिन बनू लागलं. आत्याचा घसा धरायचा तेव्हा कारखाना सुरू होता. घसा दुखतो म्हणून मुलीला कोण डॉक्टरकडे नेतं? मिठाच्या गुळण्या केल्या आणि शाळेत पाठवलं. तेव्हाच्या सगळ्याच घरांत हेच होत होतं. एका वाड्यात दाटीने राहिलेल्या मुलांचे घसे, हे या आजाराचं घर. म्हणूनच श्रीमंत देशांत तो जवळपास संपला आणि आपल्याकडे अजून आहे.

गेल्या पंधरा वर्षांत रक्ततपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या आल्या. अनेकांना त्या उत्तम. पण धातूच्या झडपेवर त्यातली एक वापरून बघितली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि आत्याला लहानपणी आला त्या तापाने झडपा खराब होऊन हृदयाची लय बिघडलेल्या रोग्यांवर आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत मोठा अभ्यास झाला. साडेचार हजारांवर रोगी, भारतातलेही, आणि दर चारातल्या जवळपास तीन बायका. निकाल आला २०२२ मध्ये. तपासलेल्या नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. गंमत म्हणजे अभ्यासात आले तेव्हा जुनी गोळी घेणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांचाच आकडा योग्य पट्ट्यात होता. तपासणी नियमित सुरू झाली आणि तो सुधारला.

आत्याला तपासणी म्हणजे कोपऱ्यावरची लॅब, सकाळी रक्त, संध्याकाळी मोबाइलवर आकडा. मुळशीच्या पलीकडच्या वाडीतल्या बाईला तोच आकडा म्हणजे एसटी, एक दिवसाची मजुरी आणि सोबत यायला कोणीतरी. गोळी दोघींची सारखी आणि स्वस्त. महाग आहे तो आकडा. ज्या बाईचा आकडा कोणी बघत नाही, तिच्या पोटात जातं ते उंदराचं औषधच.

घोल्यांकडे औषध नव्हतं आणि मोजमापही नव्हतं. आपल्याकडे आता दोन्ही आहे. ते गंज पेठेपासून शेवटच्या वाडीपर्यंत पोचतं का, एवढाच प्रश्न उरला आहे, आणि तो रसायनशास्त्राचा नाही.

असो. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात ही गोळी घेणारं माणूस असेल तर तीन गोष्टी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, विचारल्याशिवाय वेदनाशामक किंवा दुसरं कुठलंही औषध, काढा, चूर्ण सुरू करू नका, आणि एक वही करा. आत्या गोळी घेते आहे. शेवटचा आकडा, तिच्या परवानगीने, २.८.